करचुकवेगिरीला तुरुंगवास: भावाच्या खटल्याबद्दल विचारणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या भावाचा इंदूरला सांवेर रोडवर पत्र्याचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. एका वर्षी मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलं आणि स्टाफच्या पगारातून आणि ठेकेदारांच्या बिलांतून कापलेला सहा-सात लाखांचा टीडीएस, म्हणजे त्यांच्या वतीने सरकारकडे भरायचा आयकर, वेळेत भरला गेला नाही. अकरा महिन्यांनी त्यांनी तो व्याजासकट भरला. तोवर आयकर खात्याची नोटीससुद्धा आलेली नव्हती. तरी खटला झाला, आणि आता आर्थिक गुन्ह्यांच्या विशेष न्यायालयाने त्यांना, आणि भागीदार म्हणून वहिनींनाही, तीन महिने सक्तमजुरी आणि दंड सुनावला आहे. अपिलासाठी शिक्षा तूर्त स्थगित आहे. तुम्ही विचारलं आहे की पैसे भरूनही तुरुंग आणि कोट्यवधींची खोटी बिलं फाडणारे मोकळे, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी नाही का? आणि करापायी माणसाला तुरुंगात टाकावंच कशाला, दंड पुरे नाही का?

मी इंदूरला बरीच वर्षं आयकर आणि जीएसटीची वकिली करतो. तुमच्या प्रश्नांची उत्तरं मी वेगवेगळी देणार आहे, कारण ती एकमेकांत मिसळली की भलताच निष्कर्ष निघतो. कर बुडवणाऱ्याला तुरुंग असावा, असं मी ठामपणे मानतो. तुमच्या भावाला झालेली शिक्षा मात्र मला अन्यायाची वाटते. आणि तरीही तुमचे भाऊ संन्यासी नव्हेत, हे आधी सांगायला हवं.

टीडीएस हा मालकाचा कर नसतो. पगारातून कापला त्या क्षणी तो पैसा नोकराने सरकारला दिलेला असतो. मालक फक्त पोचवणारा. मागे माझ्याकडे एका कारखान्यातला सुपरवायझर आला होता. हातात प्लास्टिकच्या पिशवीत वर्षभराच्या पगारपावत्या, प्रत्येकीवर कापलेल्या टीडीएसची रक्कम छापलेली. दुसऱ्या हातात फॉर्म २६एएसची, म्हणजे कुणी किती कर कापून भरला ते दाखवणाऱ्या खात्याच्या उताऱ्याची प्रिंट, आणि त्यात मालकाच्या नावापुढे काहीच नाही. खात्याने त्यालाच कर आणि व्याज भरण्याची नोटीस पाठवली होती. घराच्या कर्जासाठी बँक रिटर्न मागत होती आणि रिटर्नवर थकबाकी दिसत होती. आयकर कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे एकदा कर कापला गेला की तो पुन्हा नोकराकडून वसूल करता येत नाही, आणि आम्ही ते प्रकरण त्याच कलमावर सोडवलं. पण त्यासाठी त्या माणसाला किती खाडे पडले, ऑफिसात किती खेटे घालावे लागले! मालक त्या काळात त्याच पैशावर कच्चा माल उचलत होता. म्हणून "माझ्याकडे पैसे नव्हते" हे टीडीएसच्या बाबतीत मला कधीच पूर्णपणे पटत नाही. पैसे होते, ते दुसऱ्याचे होते आणि वापरले गेले.

तुमच्या भावाच्या कारखान्यातही असे लोक असतील. अकरा महिने त्यांच्या खात्यात कर दिसला नसेल.

आता तुरुंग कशाला, दंड पुरे नाही का, याबद्दल. आयकरात उत्पन्न चुकीच्या पद्धतीने दाखवलं, म्हणजे खोट्या नोंदी वगैरे केल्या, तर कलम २७०ए खाली कराच्या २०० टक्के दंड लागतो. ऐकायला जबर वाटतो. पण व्यापारी माणूस हिशेबाने चालतो. दहा वर्षं लपवलं आणि एका वर्षी सापडलं, तर दंड भरूनही तो फायद्यातच राहतो. शिवाय दंड हा शेवटी खर्चच, तो मालाच्या भावात घालून वसूल करता येतो. तुरुंगातले दिवस कुणाच्या बिलात घालता येत नाहीत. मोठ्या रकमा ठरवून लपवणाऱ्याला खरी भीती फक्त याचीच असते, आणि हे मी अशिलांच्या समोरच्या खुर्चीत बसून पाहिलं आहे. दंडाची रक्कम ऐकताना चेहरा बदलत नाही, "प्रॉसिक्युशन", म्हणजे खटला, म्हटलं की घाम फुटतो.

याची झळ कुणाला बसते तेही बघा. शहरात टाइल्सच्या दुकानात गेलात की विचारतात, "पक्कं बिल हवं का? मग १८ टक्के वरून पडतील." शेजारचा दुकानदार सगळा माल पक्क्या बिलाने विकतो, त्याच्याकडून गिऱ्हाईक उठून जातं. सियागंजात आणि क्लॉथ मार्केटमध्ये असे सरळ व्यापारी मी ओळखतो. त्यांना सरकारपेक्षा जास्त त्रास दोन नंबरवाल्या शेजाऱ्याचा होतो. आणि बिल नको म्हणणारे आपणही त्यात आहोत, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

म्हणजे तुरुंग हवा. मग अन्याय कुठे आहे? शिक्षेचं माप कुणाच्या हातात दिलं आहे, तिथे.

तुमच्या भावाचा गुन्हा १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २७६बी खालचा. (२०२५ चा नवा कायदा आला असला तरी जुने गुन्हे जुन्याच कलमांवर चालतात.) या कलमात शिक्षा कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त सात वर्षं सक्तमजुरी. तीन महिन्यांच्या खाली न्यायाधीशाला जाता येत नाही, कारण लिहूनसुद्धा नाही. एका बाजूला उशिरा का होईना पण नोटिशीआधी स्वतःहून व्याजासकट भरणारा, दुसऱ्या बाजूला चार वर्षं कापलेला कर खिशात घालून कंपनी बंद करून गेलेला. दोघांनाही तुरुंगात जाणं सक्तीचं. फरक फक्त मुदतीत पडू शकतो. जीएसटीच्या कायद्यात कलम १३२ खाली किमान सहा महिने सांगितलेत खरे, पण न्यायाधीशाने विशेष आणि पुरेशी कारणं नोंदवली तर त्याहून कमी शिक्षा देता येते. आयकरात ही खिडकीच ठेवलेली नाही.

चोराला मिळणारी एक सवलतही इथे नाही. पहिल्यांदा चोरी करणाऱ्याला, वय आणि परिस्थिती बघून, १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा आहे. आयकराच्या गुन्हेगाराला मात्र कलम २९२ए ने परिवीक्षेचा दरवाजा बंद केला आहे, तो अठरा वर्षांखालचा असेल तरच उघडतो. आयकराचे आरोपी अठराच्या आतले असतात का? मला आजवर एकही भेटलेला नाही.

तिसरी गोष्ट कलम २७८ई. खुनाच्या खटल्यातही आरोपीचा हेतू सरकार पक्षाला सिद्ध करावा लागतो. इथे दोषी मनोवृत्ती होती असं न्यायालयाने गृहीत धरायचं, आणि ती नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं. तेही "शक्यता जास्त वाटते" इतपत नव्हे, तर वाजवी संशयापलीकडे. ज्याच्याकडे मोठी ऑडिट फर्म आहे, प्रत्येक निर्णयाची टिपणं आहेत, तो हे करू शकतो. ज्याचा मुनीम अर्धवेळ येतो आणि ज्याने अडचणीच्या महिन्यांत काय ठरवलं ते कुठेच लिहून ठेवलेलं नाही, तो कसं करणार? कायदा सगळ्यांना सारखाच लिहिलेला आहे, पण त्याचं ओझं छोट्या माणसावर जास्त पडतं.

आणि काळ. आयकराच्या गुन्ह्यांना खटला भरण्याची मुदतच नाही, १९७४ च्या एका कायद्याने आर्थिक गुन्ह्यांसाठी ती काढून टाकली. उशिरा भरलेल्या टीडीएसवरचा मधुमिलन सिन्टेक्स या कंपनीचा खटला आपल्याच मध्य प्रदेशातला. तक्रार नव्वदीच्या दशकात दाखल झालेली, आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालय अजून एवढंच ठरवत होतं की संचालकांना खटल्याला सामोरं जावं लागेल की नाही. (लागेल, असं ठरलं. नंतर पैसे भरल्याने गुन्हा पुसला जात नाही, हेही तिथेच सांगितलं गेलं, आणि तुमच्या भावाच्या निकालात त्याचाच आधार घेतलेला असणार.) कायदा म्हणून तो निकाल मला समजतो. पण चाळिशीत केलेल्या कसुरीची शिक्षा साठीत भोगायची वेळ आली तर ती ज्याला द्यायची होती तो माणूस, त्याचा धंदा, ती परिस्थिती काहीच शिल्लक नसतं. तुमच्या भावाच्या बाबतीतही कर भरून किती वर्षं लोटली असतील, ते तुम्हीच मोजा.

हे असं कडक का झालं, याला इतिहास आहे. १९७१ च्या वांछू समितीने करचुकवेगिरी आणि काळ्या पैशावर अहवाल दिला, त्यात खटले जोमाने भरा असं सांगितलं होतं. १९७५ च्या दुरुस्तीने किमान तुरुंगवासाची कलमं आली. त्या काळी वरच्या उत्पन्नावर कराचा दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांपर्यंत पोचलेला होता. त्याच समितीने हा दर खाली आणा असंही बजावलं होतं. दर पुढे उतरत उतरत ३० टक्क्यांवर आले, किमान तुरुंगवास तिथेच राहिला. दर इतका खाली आल्यावर लपवणाऱ्याची सबब कमी होते हे मला मान्य आहे, त्यामुळे त्याला शिक्षा आणखी कडक असली तरी माझी हरकत नाही. पण उशीर करणारा आणि लपवणारा यांना एकाच माळेत ओवायचं कारण तेव्हाही नव्हतं.

सरकारलाही हे उमगलेलं दिसतं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढलं की २५ लाखांपर्यंतचा टीडीएस साठ दिवसांच्या आत भरला असेल तर सहसा खटला भरू नये, आणि इतर बऱ्याच प्रकरणांत दोन ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीची संमती घ्यावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर कलमातच बदल झाला: टीडीएसच्या तिमाही विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत कर भरला तर खटलाच नाही. म्हणजे उशीर आणि लबाडी यांत फरक आहे हे कायद्याने स्वतः कबूल केलं, फक्त तो फरक दिवसांत मोजला. तुमचे भाऊ अकरा महिन्यांमुळे दोन्हींच्या बाहेर राहतात.

आता खोटी बिलं फाडणाऱ्यांबद्दल. त्यांची पद्धत अशी. एखाद्या मजुराचं आधार आणि पॅन दोन-चार हजार देऊन घ्यायचं, एका खोलीचा भाडेकरार दाखवायचा, त्याच्या नावावर जीएसटी नंबर काढायचा आणि भंगाराची, लोखंडाची बिलं कापत सुटायची. माल कुठेच नाही. बिल घेणारा त्यावरच्या १८ टक्के कराचं क्रेडिट उचलतो, म्हणजे तो कर आधीच भरला असं दाखवून आपल्या करातून वजा करतो, कापणारा कमिशन घेतो. एका प्रकरणात मी ई-वे बिलावरचा, म्हणजे मालाच्या वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यावरचा, गाडीचा नंबर तपासला. वीस टन सळई वाहिलेली ती गाडी स्कूटर निघाली. नोटीस मात्र त्या मजुराच्या दारात, आणि त्याला जीएसटी हा शब्दही धड म्हणता येत नव्हता. इथे सरकारचा नुसता येणारा कर बुडत नाही, दुसऱ्यांनी भरलेला पैसा क्रेडिटच्या वाटेने बाहेर जातो. याला मी दरोडाच म्हणतो. अशांना पाच वर्षं झाली तरी मला त्यांची कीव येणार नाही.

कायदाही इथे कठोर आहे. पाच कोटींच्या वर गुन्हा अजामीनपात्र, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. २०२३ मध्ये इतर जीएसटी गुन्ह्यांत खटल्याची मर्यादा एक कोटीवरून दोन कोटी केली, पण मालाविना बिल देणाऱ्यांसाठी ती एक कोटीच ठेवली. हा फरक मला अगदी योग्य वाटतो, आयकरातही असाच हवा होता.

मग ते मोकळे का दिसतात? कारण बहुतेक जण जामिनावर असतात. आपल्या माणिकबागेत, होळकरांच्या जुन्या महालात, केंद्रीय जीएसटीचं आयुक्तालय आहे. आयुक्तांच्या आदेशाने अटक होते, वर्तमानपत्रात फोटो येतो, साठ दिवसांत तक्रार दाखल झाली नाही तर जामिनाचा हक्कच मिळतो, आणि पुढे खटला रेंगाळतो. जी काही शिक्षा व्हायची ती निकालाआधीच्या कोठडीत भोगून होते, मग माणूस दोषी असो वा नसो. २७ फेब्रुवारी २०२५ च्या राधिका अग्रवाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे अधिकार कायम ठेवले, पण अटकेची कारणं लेखी असावीत आणि अटकेची भीती घालून पैसे वसूल करू नयेत, असं बजावलं. ते फार गरजेचं होतं.

आयकरात मोकळं राहण्याची आणखी एक वाट आहे, कंपाउंडिंग. म्हणजे खात्याकडे अर्ज करायचा, कर, व्याज आणि ठरलेलं शुल्क भरायचं, आणि खटला मिटवायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शशी एंटरप्रायझेसच्या निकालात रिटर्न न भरल्याबद्दल खटला चाललाच पाहिजे असं सांगितलं. त्यात जयललिता आणि शशिकला आरोपी होत्या. पुढे कंपाउंडिंग झालं आणि तो खटला मिटला. सगळं कायदेशीर, त्याबद्दल तक्रार नाही. पण कंपाउंडिंग असतं हे ज्याला वेळेवर कळतं आणि शुल्क ज्याला परवडतं, त्याच्यासाठी किमान तुरुंगवास नावापुरताच उरतो. ज्याला हे सांगणारं कुणी नाही, तो सरळ तीन महिन्यांवर जाऊन पोचतो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त बोचतं ते हेच.

जर्मनीचं एक उदाहरण देतो. बायर्न म्युनिक या बलाढ्य फुटबॉल क्लबचे अध्यक्ष उली ह्योनेस यांनी २८ दशलक्ष युरोंहून जास्त कर बुडवला होता. २०१४ मध्ये त्यांना साडेतीन वर्षं झाली. तिथे पकडले जाण्याआधी स्वतःहून पूर्ण माहिती दिली तर शिक्षा टळते. त्यांनी माहिती दिली होती, पण अपुरी, म्हणून सवलत मिळाली नाही. अपील न करता ते तुरुंगात गेले. मोठा माणूसही आत जातो, आणि सापडण्याआधी सगळं खरं सांगणाऱ्याला वाट मिळते: या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर शिक्षा न्याय्य वाटते. आपल्याकडे तुमच्या भावाने नोटिशीआधी पूर्ण पैसे भरले, त्याला कायद्याने काडीचं वजन दिलं नाही.

मला विचाराल तर न्यायाधीशाने तीन गोष्टी पाहाव्यात आणि त्यावर शिक्षा ठरवावी: पैसा कुणाचा होता, लपवाछपवी होती का, आणि पकडण्याआधी परत केला का. तुमच्या भावाच्या बाबतीत पैसा दुसऱ्यांचा होता, हे त्यांच्या विरोधात जातं. लपवलं काहीच नाही, त्यांच्या वहीत टीडीएस देणं म्हणून सरळ दिसतो. परत केला, तोही स्वतःहून. यावर मोठा दंड आणि ज्यांचा कर अडकला त्या कामगारांना भरपाई, इतकं मला रास्त वाटलं असतं.

आता पुढचं. अपिलात सगळा भर कलम २७८एए वर द्या. वाजवी कारण होतं हे सिद्ध केलं तर २७६बी ची शिक्षा होऊ शकत नाही. नुसतं "अडचण होती" म्हणून चालणार नाही. त्या अकरा महिन्यांचे बँकेचे उतारे, कॅश क्रेडिटची (धंद्यासाठी बँकेने दिलेल्या उचलीची) मर्यादा संपल्याची पत्रं, अडकलेल्या गिऱ्हाइकाशी झालेला पत्रव्यवहार आणि त्याच्याकडून शेवटी पैसे आल्याची तारीख, हे सगळं तारखेवार लावा. पैसे आल्याबरोबर टीडीएस भरला, असं कागदांवरून दिसलं पाहिजे. त्याच काळात भावांनी स्वतःसाठी गाडी घेतली असेल किंवा भांडवलातून मोठी उचल केली असेल, तर वकिलाला आजच सांगा, कारण सरकारी वकील ते काढणारच. खालच्या कोर्टात हे कागद दाखल झाले नसतील तर अपिलात जादा पुराव्यासाठी वेगळा अर्ज लागेल.

अपिलासोबतच कंपाउंडिंगचा अर्ज करा. दोन वर्षांपेक्षा कमी शिक्षा झालेल्यांना ही वाट २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी उघडली, आणि ऑक्टोबर २०२४ च्या सूचनांनी अर्जाची मुदतही काढून टाकली. शुल्काचा आकडा आधी काढून घ्या. व्हाइट चर्चसमोरच्या आयकर भवनात नुसती चौकशी करून परत येऊ नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

वहिनींचं अपील वेगळं दाखल करा, भावाच्या अपिलाला जोडू नका. कलम २७८बी खाली भागीदारी फर्मही "कंपनी"तच धरतात, पण ज्याला कसुरीची माहिती नव्हती त्याला त्यातून सुटका आहे. भागीदारीच्या करारात कामकाज कोण पाहणार म्हणून कुणाचं नाव आहे, बँकेत सह्या कुणाच्या चालत होत्या, टीडीएसच्या विवरणपत्रांवर सही कुणाची आहे, हे तीन कागद आधी मिळवा. त्या नुसत्या नावाला भागीदार होत्या असं त्यांतून दिसत असेल, तर त्यांची बाजू तुमच्या भावापेक्षा बरीच भक्कम आहे. आणि खालच्या कोर्टातल्या जबाबात दोघांनी मिळून एकच उत्तर दिलं असेल तर त्याची नक्कल मला पाठवा, कारण तिथे वहिनींचं काय म्हणणं नोंदलं गेलं आहे ते वाचल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.